पिंपफळ्यांची शर्यत

रूपर्ट मार्बर्गरच्या कबरीवरची मेणबत्ती तिसऱ्यांदा विझली, तेव्हा त्याच्या मुलीनं, बुर्गीनं, ती पुन्हा पेटवण्याचा नाद सोडला. सर्वसंतांचा दिवस होता. फेल्डाउच्या दफनभूमीत प्रत्येक घर आपापल्या दगडापाशी उभं होतं आणि पाद्रीबाबा पाणी शिंपडत एकेका ओळीतून पुढे सरकत होते. मार्बर्गरांच्या जागा गेल्या तीन वर्षांत ठरून गेल्या होत्या : आई दगडाच्या डोक्याशी, सेराफिनकाका पायथ्याशी, बुर्गी डावीकडे, आणि उजवीकडे, मध्ये अख्खी कबर ठेवून, तिचा धाकटा भाऊ कासियान.

कासियान साल्झबुर्गहून पहाटे निघून यायचा, पाणी शिंपडून होईपर्यंत उभा राहायचा, आईच्या गालाला गाल लावायचा आणि गाडीत बसून परत जायचा. घरात पाऊल टाकत नसे. सात वर्षांपूर्वी वडिलांशी भांडून तो नॉर्डग्राट कंपनीच्या आरेखन विभागात गेला; आणि आता त्याच नॉर्डग्राटशी मार्बर्गरांचा तंटा चालू होता.

तंट्याचं मूळ एका स्कीच्या कमरेत होतं. टोकाला आणि शेपटीला रुंद, मध्ये बारीक, अशी स्की वडिलांनी आपल्या कारखान्यात तयार केली होती. काठावर कलली की ती आपण होऊन वळण घेत असे. तेव्हा सगळे हसले होते. आता सरळ स्की कोणी घेत नव्हतं, आणि नॉर्डग्राटनं तर तीच कंबर उचलून हजारो जोड बाजारात आणले होते. बुर्गीनं दावा लावला. नॉर्डग्राटच्या वकिलांनी उलट टोला दिला : तुमचं पेटंटच पोकळ आहे, अर्ज करण्याआधीच ती स्की चारचौघांत वापरली गेली होती, आणि चारचौघांनी पाहिलेल्या वस्तूवर पेटंट टिकत नाही.

गुरुवारी म्युनिकला सुनावणी होती. बुर्गीच्या पिशवीत वकिलानं पाठवलेला कागद होता. चारच ओळी : बारा एप्रिल एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीपूर्वी, म्हणजे अर्जाच्या तारखेपूर्वी, ही स्की कारखान्याबाहेर कोणी पाहिली नाही, कोणी वापरली नाही. खाली आईच्या सहीची जागा मोकळी होती. वडिलांच्या सगळ्या चाचण्यांची टिपणं आईनं ठेवलेली. तिच्या शब्दाला वजन होतं. ती सही आज झाली नाही तर सोमवारी टपालात काय टाकायचं, हे बुर्गीला ठाऊक नव्हतं. पेटंट पडलं तर कारखान्यात स्की दाबणाऱ्या प्रेसवरची सेहेचाळीस माणसं कुठं जातील, तेही ठाऊक नव्हतं. हे कोणाजवळ बोलावं असं माणूसही उरलं नव्हतं. जो असता तो कबरीच्या पलीकडे उभा राहून बुटांकडे बघत होता.

पाद्रीबाबा पुढच्या ओळीत गेले. कासियान आईजवळ आला.

"आज सुपाला थांब," आई म्हणाली.

"आई, बर्फ पडायच्या आत घाट उतरायचाय."

"बर्फ उद्या आहे. कलेजीचे गोळे केलेत. तुझ्या वाटचे दर वर्षी काका खातो."

"आणि दर वर्षी मला त्रास होतो," सेराफिनकाका म्हणाले. "थांब रे बाबा. माझ्या पोटावर दया कर."

कासियाननं प्रथमच बहिणीकडे पाहिलं. बुर्गीनं खांदे उडवले. ते हो होतं की नाही, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

*

स्वयंपाकघरातल्या कोपऱ्याच्या बाकावर कासियान आपल्या जुन्या जागी बसला आणि त्याच्या लक्षात आलं की तिथं आता शिवणाचं सामान ठेवलं जातं. आईनं ते न बोलता उचललं. साल्झबुर्गच्या त्याच्या भाड्याच्या घरात दोन खुर्च्या होत्या, त्यातली एक अजून दुकानातल्या प्लास्टिकमध्येच होती. इथं गुडघे टेबलाच्या खालच्या पट्टीला लागले आणि ते कसे वाकडे करून बसायचं हे पायांना आपोआप आठवलं.

सूप संपेपर्यंत कोणी विषय काढला नाही. काका हवामानावर बोलले, नव्या पाद्रीबाबांच्या जर्मन उच्चारांवर बोलले. मग बुर्गीनं वाट्या बाजूला सारल्या आणि कागद टेबलावर ठेवला.

"आई, हे वाच आणि सही कर. तो इथं आहे ते बरंच झालं. त्याच्यादेखत कर, म्हणजे तिकडे जाऊन सांगेल."

"मी काहीही सांगायला आलो नाही," कासियान म्हणाला.

"मग सात वर्षांनी अचानक भूक लागली?"

"आईनं बोलावलं."

"ती दर वर्षी बोलावते."

कासियाननं कोटाच्या आतल्या खिशातून एक पाकीट काढलं. हे करू नये असं त्याला घाटात तीनदा वाटलं होतं. नोकरी जाईल, हे तर उघडच होतं. पण गुरुवारी परक्या सभागृहात परक्या वकिलानं हे आईच्या पुढ्यात टाकावं, आणि त्या वेळी तिची खोटी सही टेबलावर असावी, हे त्याला सोसवेना.

"हे त्यांच्याकडे आहे," तो म्हणाला. "ही प्रत आहे. हॅम्बुर्गच्या एका पाहुण्यानं काढलेला फोटो. म्हातारा कार्निव्हलला आला होता. आता त्याच्या मुलीनं जुन्या फोटोंचं खोकं विकायला काढलं, आणि आमच्या एका विक्रेत्याच्या हाती लागला."

फोटो टेबलाच्या मधोमध पडला. चर्चमागचं कुरण, बर्फ, दोरीच्या कडेला माणसं. उतारावरून येणारी एक आकृती : लाकडी मुखवटा, फाटका मेंढपाळी कोट, छातीवर सतरा नंबर. बाकीच्यांच्या पायांत पिंपाच्या फळ्या, कातडी पट्ट्यांनी बांधलेल्या, कार्निव्हलच्या पिंपफळ्यांच्या शर्यतीच्या रिवाजाप्रमाणे. सतराव्याच्या पायांतही तपकिरी रंगाच्या, पिंपासारखे काळे पट्टे ओढलेल्या फळ्या होत्या. पण त्या मध्ये बारीक होत्या.

काकांनी चष्मा चढवला आणि ताबडतोब उतरवला.

"मी हे पाहिलेलं नाही," ते म्हणाले.

"काका, तुम्ही आत्ता पाहिलंत."

"कार्निव्हल समितीचा अध्यक्ष म्हणून मी पाहिलेलं नाही. मुखवट्याखाली कोण होतं हे राखेच्या बुधवारनंतर, म्हणजे कार्निव्हल संपला की, बोलायचं नसतं. माझ्या बापाच्या वेळेपासून नाही. नवरा-बायकोंनीसुद्धा नाही."

"कोण होतं ते नाही विचारत," कासियान म्हणाला. "कोणत्या वर्षी, एवढंच. फोटोवर तारीख नाही. अठ्ठ्याऐंशीचा फेब्रुवारी असेल तर पेटंट गेलं. एकोणनव्वदचा असेल तर नॉर्डग्राट गेली. दोन महिने गावात माणूस फिरतोय आमचा. सगळे बिअर घेतात, आणि तोंड कोणी उघडत नाही."

"उघडणारही नाहीत," काका समाधानानं म्हणाले. "म्हणजे, तसे उघडतात. अकरा जणांनी माझ्याजवळ शपथेवर सांगितलंय की सतरावा मीच. त्यातला एक तर तेव्हा तुरुंगात होता. शर्यत जिंकून मुखवटा न काढता पळालेला माणूस, मग काय, जो उठतो तो सतरावा."

"एकोणनव्वद साल होतं," बुर्गी म्हणाली. तिचा आवाज बैठकीतल्यासारखा झाला होता. "अर्ज झाल्यावर बाबांना लपवायचं कारण नव्हतं. म्हणून गंमत केली. सरळ आहे. बाबा वेडे नव्हते, कासियान. अर्जाच्या दोन महिने आधी स्की भर गावात नेतील?"

"कार्निव्हलमध्ये नेतील," कासियान म्हणाला. "तू त्यांना ओळखत होतीस. राखेच्या बुधवारनंतर जे घडलंच नाही म्हणतात, ते पेटंट कार्यालयातही घडलेलं नसतं, असंच त्यांना वाटलं असणार. त्या काळात मी इन्सब्रुकला होतो, तू बाळंतपणाला व्हिएन्नात. आपल्याला काय माहीत?"

"कोणालाच माहीत नाही. तेच तर म्हणतेय मी."

"म्हणजे माहीत नाही म्हणून आईनं खोटं लिहायचं."

"खोटं कशावरून?" आता काका बुर्गीच्या बाजूला सरकले, अगदी बाकावरूनही. "रूपर्टच्या पोरा, तू कोणाचं मीठ खातोस ते दिसतंय. त्या स्कीबद्दल गावात कोणाला काय कळणार होतं? लांबून एक माणूस गेला, सर्र. संपलं. नंतर खानावळीच्या भिंतीला टेकवलेल्या होत्या तेव्हा आम्ही जरा हाताळल्या, एवढंच. मी वीत लावली. पुढं एक वीत आणि दोन बोटं, मध्ये वीतसुद्धा नाही. हान्सल म्हणाला, ही तर नवरीची कंबर."

 काकांना स्वतःचं वाक्य उशिरा ऐकू आलं.

"काका," बुर्गी हळू म्हणाली. "तुम्ही मोजलीत?"

"वितीनं. वीत म्हणजे काही मोजमाप नव्हे."

"वकिलाला पुरेसं आहे. कोणत्या वर्षी?"

काकांनी पावाचा तुकडा वाटीच्या कडेनं फिरवला. "समितीच्या माणसाला वर्ष आठवत नाही," ते म्हणाले, पण आता त्यांच्या आवाजात मघाचं समाधान नव्हतं. "मी म्युनिकला येणार नाही, बुर्गी. इकडूनही नाही आणि तिकडूनही नाही. मला यातून सोड."

बुर्गीनं मान हलवली. म्हणजे काकाही हातचे गेले, एवढंच तिच्या मनात आलं. तिनं कागद आईच्या बाजूला सरकवला आणि वर पेन ठेवलं.

*

आईनं, ऑटीलियानं, पेन उचललं नाही. तिनं फोटो जवळ ओढला.

सगळे बोलत असताना ती वाट्या धूत होती; आताच येऊन बसली होती. सतरावा कोण असेल याची यादी तिनं नळाच्या आवाजातून ऐकली होती, जशी ती नऊ वर्षं ऐकत आली होती : लोहाराचा मोठा, टपालवाल्याचा जावई, खुद्द रूपर्ट. एकदाही त्या यादीत बाईचं नाव आलं नव्हतं. बायका त्या दिवशी कढयांसमोर उभ्या राहून जॅम भरलेले गोड वडे तळत. शर्यत पुरुषांची होती.

रूपर्टनं आदल्या रात्री जेवताना सांगितलं होतं, अगदी मीठ मागावं तसं. कारखान्यातले सगळे पाय जुळवून, घसटत वळणारे. त्यांच्या अंगातून ती सवय जात नव्हती. तो स्वतः फार जड. "तुझं वजन बरोबर आहे," तो म्हणाला होता, "आणि तू सगळं विसरली आहेस. मला विसरलेलं माणूस हवंय." शाळेत असताना ती रोज स्कीवरून खाली जात असे. लग्नानंतर तीस वर्षांत तिनं स्की फक्त पुसल्या होत्या.

ती सत्तावन्न वर्षांची होती. मुखवट्याच्या आत तिचा श्वास लाकडावर आपटून परत तोंडावर येत होता आणि भोकांतून जेमतेम पाच हात बर्फ दिसत होता. पहिल्या वळणाशी तिनं जुन्या पद्धतीनं टाचा ढकलायचा विचार केला, आणि तेवढ्यात पायाखालचं लाकूड वाकलं, काठावर उभं राहिलं आणि तिला घेऊन वळलं. तिनं काही केलं नव्हतं. मग ती दुसऱ्या अंगाला कलली आणि पुन्हा तसंच. दोन्ही बाजूंना माणसं ओरडत होती, पण शब्द कळत नव्हते. कुरण संपलं तेव्हा तिला रडू येत होतं, आणि मुखवटा काढावा लागू नये म्हणून ती स्की खानावळीच्या भिंतीला टेकवून मागच्या गल्लीतून, स्कीच्याच बुटांनी, घरी पळाली होती. अर्ध्या तासात ती कढईसमोर होती. उशीर का झाला म्हणून शेजारीण बोलली.

त्या रात्री रूपर्टनं तासभर प्रश्न विचारले. वाकताना आवाज आला का. शेपूट सुटली का. तिनं सगळी उत्तरं दिली आणि स्वतःच ती टिपून ठेवली, रोजच्यासारखी. वहीत चाचणी करणाऱ्याचं नाव लिहायचा रकाना होता. तो म्हणाला, ते मोकळं ठेव. ते दोघंही त्यानंतर त्याविषयी बोलले नाहीत. पण तिला पक्कं ठाऊक होतं की कुरणाच्या वरपासून खालपर्यंत एक माणूस दोरीशी उभा राहून तिच्याकडे बघत होता. इतक्या वर्षांच्या संसारात एवढं सलग त्यानं तिच्याकडे एकदाच पाहिलं होतं, असं तिनं धरलं होतं. तो गेल्यावर पहिल्या हिवाळ्यात ती त्या बघण्यावर जगली होती.

फोटोत दोरीच्या कडेला रूपर्ट होता. मुखवटा नव्हता, मालकाला तेवढी सूट असे. सतरावा त्याच्या पुढ्यातून, दोन हातांवरून जात होता. आणि रूपर्ट गुडघ्यात वाकून, मान तिरकी करून, बर्फाला जवळजवळ गाल लावून खाली बघत होता. स्कीच्या काठाकडे. त्याच्या चेहऱ्यावर तिनं क्वचितच पाहिलेला आनंद होता.

तिनं फोटो बराच वेळ धरला. ते दुष्टपणानं नव्हतं, हे तिला कळत होतं. तो असाच होता. प्रेससमोर, पाळण्यासमोर, सगळीकडे तो आधी काठ बघायचा. तिलाच काही तरी दुसरं हवं होतं, आणि ते तिनं मुखवट्याच्या आत बसून त्याच्या चेहऱ्यावर रंगवलं होतं.

"आई," बुर्गी म्हणाली. "सही."

"अठ्ठ्याऐंशी साल होतं," ऑटीलिया म्हणाली. "सोळा फेब्रुवारी."

"तुला बाबांनी सांगितलं?"

"नाही. मी होते."

"तू तिथं होतीस, वडे तळत. ते सगळ्याच..."

"बुर्गी. त्या मुखवट्यात मी होते."

काका हसले. ते मनापासून हसले, डोळे पुसले आणि म्हणाले, "झाला, बारावा झाला." मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांचा हात खाली आला.

"बाईमाणसाला परवानगी नाही," ते म्हणाले. ते वाक्य त्यांच्या तोंडून सवयीनं गेलं.

"माहीत आहे, सेराफिन."

"म्हणजे ती शर्यत रद्दच धरावी लागेल." त्यांनी टोपी उचलली, ती उलटसुलट केली आणि पुन्हा ठेवली. "दुसरा आलेला हान्सल. त्याला काय सांगू मी? मेला तो."

कासियाननं आईचा हात धरायला हात पुढे केला आणि तो टेबलावरच राहिला. साल्झबुर्गमध्ये असताना तो या क्षणाच्या जवळपास कुठं तरी जिंकेल असं त्याला वाटलं होतं. जिंकण्यासारखं काही नव्हतं. तो म्हणाला, "आई, हे तुला सांगावंच लागेल असं नाही. सही नको करूस, बस. न बोलणं गुन्हा नाही. मी फोटो दाखवला तो तुला सावध करायला."

"तेच बरं," बुर्गी झटकन म्हणाली, आणि दोघंही चपापले. किती तरी वर्षांनी ते एका बाजूला होते. "कागदच नको. वकिलाला सांगते, आईची तब्येत बरी नाही. त्यांच्याकडे तारीख नाही, कोणी तोंड उघडत नाही. कदाचित निभावेल. आई, तू नऊ वर्षं गप्प राहिलीस, आणखी एक गुरुवार राहा."

"का?"

"का म्हणजे? सेहेचाळीस घरं, आई. बाबांचं नाव."

"बाबांचं नाव स्कीवर आहे. ते राहील." ऑटीलिया उठली नाही, आवाज चढवला नाही. "त्या घरांचा विचार मी करत नाही असं समजू नकोस. त्यातल्या प्रत्येकाच्या आईला मी ओळखते. पण मी गप्प राहिले ना, तर ते घडलं हे माहीत असलेलं माणूस उरत नाही. तो गेला. आता फक्त मी आहे. आणि तुम्ही मला म्हणता, तू पण नव्हतीस असं कर."

बाहेर शेजारच्या घरातली माणसं दफनभूमीतून परतत होती. त्यांची बोलणी खिडकीखालून गेली.

 प्रेस, गोंदाचा वास, सकाळी साडेसहाला दारात उभी राहणारी माणसं, हे सगळं बुर्गीच्या मनातून एकेक करून गेलं आणि प्रत्येकाला काय सांगायचं हे ती मनात जुळवू लागली. मग तिनं कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. पेन तिनंच उचललं.

"दे, मी लिहितो," कासियान म्हणाला.

"नाही. तू त्यांचा आहेस. हे आपल्या वकिलाकडून जाऊ दे. निदान आपण सांगितलं असं होईल." तिनं वर तारीख घातली. तिचा हात स्थिर होता. हे तिला वडिलांकडून आलं होतं. "नाव, ऑटीलिया मार्बर्गर. वय सहासष्ट. आई, वकील जे विचारतील तेच मी विचारते. सोपं उत्तर दे."

"विचार."

"स्की किती वेळ उघड्यावर होत्या?"

"शर्यत धरून दीड तास. भिंतीला टेकवलेल्या. रूपर्टनं अंधार पडल्यावर आणल्या."

"कोणालाही हात लावता आला असता?"

"काकाला विचार."

काकांनी मान खाली घालून होकार दिला. बुर्गीनं तेही लिहिलं.

"किती लोकांनी पाहिलं?"

"सगळ्या गावानं. पाहुणे धरून तीनशे असतील."

"त्यांपैकी कोणी तुला ओळखलं?"

"नाही."

बुर्गीनं पेन उचललं. "बाबांशिवाय, असं लिहू?"

 ऑटीलियानं टेबलावरचे पावाचे कण तळहातानं एका जागी गोळा केले.

"नको," ती म्हणाली. "नुसतं ‘नाही’ लिही."